एक जानेवारी सत्तरच्या आधीची माणसं

ऑफिसात किस्से किती साचतात, हे तिथला प्रोग्राम कोणी लिहिलाय त्यावर ठरतं. आमचा हेमंतभाऊंनी लिहिला होता, त्यामुळे तोटा नव्हता! नंदुरबारच्या एका दवाखान्यात मोतीबिंदू शिबिराची नोंदणी आम्ही तिघं करायचो: हेमंतभाऊ, खांडबाऱ्याची एस्तर आणि मी. पेशंट बहुतेक पन्नास-साठच्या दशकात जन्मलेले.

*

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेळ म्हणजे सेकंदांची मोजणी. १ जानेवारी १९७० म्हणजे शून्य; त्याआधीचं सगळं उणे. हेमंतभाऊंनी मात्र उणे आकडा मावणारच नाही अशी जागा ठेवलेली; उणे टाकलं की तिथे प्रचंड मोठा अधिक आकडा व्हायचा! बावन्न सालच्या जिरूबाईंची जन्मतारीख निघाली २०८८.

हेमंतभाऊ अहिराणीत म्हणाले, "आजी, मशीन म्हनस, तुमना जलम अजून व्हयेल नई!"

आजी शांतपणे म्हणाल्या, "मंग या सात पोरे कोना शेतस?"

*

सातपुड्यातल्या काठी गावाहून एक आजोबा आले. जन्म विचारला, तर सुनेनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "होळीच्या दिवशी."

एस्तर म्हणाली, "कोणत्या सालच्या होळीला?"

आजोबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सून म्हणाली, "ते म्हणतात, होळी दर साली असते!"

*

तारीख रिकामी सोडली की प्रोग्राम शून्य धरायचा. शून्य म्हणजे ग्रिनिचची मध्यरात्र; आपल्या घड्याळात १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. डॉक्टरसाहेबांनी यादी वाचली. चाळीस बायका, एकच पहाट!

"सुईणीचं काय झालं हो पुढे?"

*

मग सिग्नलचं प्रकरण. कंट्रोल-सी दाबलं की प्रोग्रामला थांबायचा सिग्नल जातो. हेमंतभाऊंनी तो पकडून "खरंच बंद करू?" असं विचारायला लावलं होतं. जुन्या मशीनवर ही पकड एकदाच चालायची. दुसऱ्यांदा दाबलं की प्रोग्राम गप बंद. नव्या मशीनमधली तयार कोडची लायब्ररी वेगळी, तिथे पकड कायम! डॉक्टरसाहेब दाबतायत, तो विचारतोय. "खरंच बंद करू?" "खरंच बंद करू?" अकराव्यांदा साहेब ओरडले, "अरे, लेखी देऊ का?"

*

त्याच मशीनवर वेळेला चारऐवजी आठ बाइटची जागा होती. आम्ही जुनी फाइल तशीच उघडली आणि दोन-दोन पेशंटच्या जन्मतारखा चिकटून एकच तारीख झाली! दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं. सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

त्यात तापीकाठच्या गावातलं एक गुजर जोडपं होतं. केळीच्या बागेवरून काहीतरी बिनसलं आणि नऊ वर्षं एकमेकांशी अक्षर बोललं नव्हतं, असं त्यांच्या मुलानं आधीच बजावलं होतं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली.

"काका, जन्मतारीख?"

"माझी नाही माहीत. तिची लिहा." आणि त्यांनी दिवस, महिना, साल धडाधड सांगितलं.

काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्यांची दहा एप्रिल त्रेपन्न. शनिवार होता. सासूबाई सांगायच्या."

"शुक्रवार," काका म्हणाले.

काकूंनी मान वळवली. "शनिवार!"

"माझी आई होती ती! शुक्रवार!"

"तुमची आई, पण ऐकत कोण होतं? मी!"

तारीख टाकली की वार मशीनच दाखवायचं. एस्तरनं तारीख टाकली, स्क्रीनवर पाहिलं, आणि त्या दोघांना दिसू नये असा स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतला.