बियाण्यासारखी जपलेली माती

वसुधाबाई गेल्याची बातमी ठाण्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने जव्हारच्या स्टँडवर मला सांगितली. त्यांच्या मातीच्या डब्या तो अनेक उन्हाळे आपल्या सीटखाली जपून नेत असे. "मातीवाल्या बाई गेल्या, साहेब," एवढे म्हणून तो नोंद करायला कंट्रोलरकडे गेला. त्याला आता काही आठवडे झाले.

मातीत डोळ्यांना न दिसणारे कोणते जीव एकत्र राहतात, कोण कोणाच्या आधाराने जगतो, हा वसुधाबाईंचा अभ्यासविषय. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्या पहिल्यांदा इकडे आल्या. मी ठाण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. त्यांच्याबरोबर जव्हारजवळच्या दाभोशाला गेलो. भात पेरण्याआधी इथे राब भाजतात. रोपांच्या जागेवर तोडलेल्या फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात. या आगीत मातीतला जीव जातो, राब बंद झाला पाहिजे, असे बाईंचे ठाम मत होते. ते सिद्ध करायला एकच उन्हाळा हाती होता. पावसाळ्यात त्यांची संशोधनाची शिष्यवृत्ती संपत होती, आणि निष्कर्षाशिवाय ती वाढणार नव्हती.

देवकीबाय नावाच्या शेतकरणीने आपल्या राबाची जागा प्रयोगाला दिली. अर्धी भाजायची, अर्धी तशीच ठेवायची. भाजण्याआधीची आणि भाजल्यानंतरची माती डब्यांत भरून झाली. बाईंना आणि मला काही दिवस मोखाड्याला जायचे होते. डब्या देवकीबायच्या हवाली करताना त्या म्हणाल्या, "यात जीव आहे. बियाण्यासारखी जपा."

परत आलो तेव्हा डब्या चुलीवरच्या माळ्यावर होत्या, काजळीने काळ्या झालेल्या. कीड लागू नये म्हणून इथल्या घरांत बियाणे तिथेच, धुरात ठेवतात. बाईंनी एक डबी उघडली, माती बोटांत चुरडली. चुलीच्या धगीने ती सुकून भुकटीसारखी झाली होती.

"तूच बोललीस ना बाय, बियान्यासारी जप," देवकीबाय म्हणाली. "तुमच्या घरी कुठं ठेवतात बियाना?"

"आमच्याकडे बियाणं दुकानात असतं."

"मंग दुकानात ठेवायच्या व्हत्या."

बाई हसल्या. मग उरलेल्या डब्या एकेक उघडून पाहिल्या. राब वर्षातून एकदाच भाजतात. ती माती पुन्हा मिळणार नव्हती.

मार्गदर्शकांचे म्हणणे पडले की डब्या आहेत तर तपासा आणि आकडे द्या. बाईंनी ऐकले नाही. "ते आकडे मातीचे नसतील, चुलीचे असतील," असे त्यांनी कळवले. शिष्यवृत्ती संपली. त्या ठाण्यातल्या एका कॉलेजात शिकवू लागल्या आणि दर उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःच्या खर्चाने दाभोशाला येत राहिल्या. आता काही सांगण्याआधी त्या विचारत, "तुमच्यात हे कसं करतात?" पुढच्या काही वर्षांत त्यांना दिसले ते त्यांच्या मताविरुद्ध होते. वरच्या थरातले बरेच जीव आगीत जात. पण लावणीपर्यंत खालच्या, बाजूच्या मातीतून वस्ती पुन्हा भरू लागे. फांद्या किती तोडाव्यात हा प्रश्न त्यांनी मांडला. राब बंद करा, असे मात्र पुन्हा कधी लिहिले नाही. आपले पहिले मत चुकले, हे वर्गात विद्यार्थ्यांना त्या सहज सांगत.

कंडक्टरकडून कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जीपने दाभोशाला गेलो. देवकीबाय आता थकली आहे. राब पेटवायचे काम सून करते. अर्धा राब जळत आला होता. न भाजलेल्या जागेत तण माजते, रोप कमी निघते. तरी बाई दर साल येतात म्हणून या घराने प्रयोगाची ती अर्धी जागा कधी भाजली नव्हती.

मी बातमी सांगितली. देवकीबाय खाली बसली.

"मंग आता माती न्याया कोन येल?"

"कोणी येईल असं वाटत नाही."

सुनेने ते ऐकले. कोपऱ्यातला पाला तिने काठीने उरलेल्या जागेकडे ओढला आणि सासूकडे पाहिले. आग तिथून हातभरावर होती.

"तवढा तुकडा राहू दे," देवकीबाय म्हणाली. "तिचाय तो."

सुनेने पाला मागे सारला.