एकादशीचे गोचीड

माझं माहेर गोखिवऱ्याचं, चौथ्या मजल्यावरचं. तिथे जनावर म्हणजे खिडकीत घुटमळणारं कबुतर, बस्स. त्यामुळे लग्न होऊन आगाशीजवळच्या या वाडीत आले तेव्हा गोचीड मला फक्त बोलण्यातून ठाऊक. 'गोचिडासारखा चिकटतो' असं आम्ही ऑफिसात एका साहेबांबद्दल म्हणायचो. खरा गोचीड पाहिल्यावर साहेबांची माफी मागावीशी वाटली.

गोठ्यात एकच गाय, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. ती वासरू असतानाच तिची आई गेली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. घरात तिचा मान माझ्यापेक्षा वरचा. माझी तक्रार नाही, दूध तीच देते.

संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघी तिचे गोचीड काढायला बसायचो. कानाच्या आत, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीत, शेपटीखाली, कासेजवळ, मेले कुठेही दडतात. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढे फुगलेले. चिमटीत धरायचा, ओढायचा आणि करवंटीतल्या डिझेलमध्ये बुडवायचा. पहिले दोन दिवस मला जेवण गेलं नाही. महिन्याभरात मात्र चटक लागली, कारण गावातल्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या सासूबाई त्याच वेळी काढायच्या. गाय डोळे मिटून ऐकायची.

फक्त एकादशीला करवंटी कोनाड्यात राहायची. सासूबाईंचा उपास, आणि त्या दिवशी घरात हत्या नाही म्हणजे नाही. डासांची कॉइलसुद्धा लावायची नाही, सगळ्यांनी खाजवत बसायचं. गोचीड मात्र काढायचेच, कारण गाईला त्रास नको. काढलेले गोचीड त्या ओंजळीत घेऊन जायच्या आणि गोठ्यामागे पेंढ्याच्या उडवीपाशी अलगद सोडायच्या. जा बाबांनो, असं म्हणायच्याही. मी नवऱ्याला हे सांगून सांगून हसायचे.

हसणं बंद झालं ते गाय सात महिन्यांची गाभण असताना. एका सकाळी तिनं गव्हाणीकडे तोंडच नेलं नाही. कान तापलेले, डोळ्यांतून पाणी. डॉक्टर स्कूटरवरून आले, पापणी उलटून पाहिली, आतला रंग पांढरट. गोचीड ताप, म्हणाले. सुई टोचली, अंगाला लावायचं औषध दिलं. आठ दिवसांनी ताप उतरला, पण गोचीड पुन्हा तेवढेच. पुन्हा बघायला आलेले डॉक्टर चक्रावले. काढलेल्या गोचिडांचं काय करता, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत करवंटी दाखवली.

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "एकादशीला नाय."

मग सगळं त्यांनीच सांगितलं, उडवीपर्यंत. डॉक्टर भला माणूस, रागावले नाहीत. भरलेली मादी सुक्या पेंढ्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि तोच पेंढा आपण गाईपुढे टाकतो, एवढंच सांगितलं. निघताना मात्र म्हणाले, "ताप उलटला तर गाय राहायची नाही, पोटातलंही नाही."

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि एकादशी नव्हती. मी इतकी हसले होते त्या ओंजळीला, आता मला स्वतःचीच चीड येत होती. मी तरी कधी विचारलं, की ते सोडलेले गोचीड जातात कुठे? आम्ही उडवी जाळली, भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, चुना मारला, कोपऱ्याकोपऱ्यात औषध फवारलं. गाय हळूहळू खायला लागली. दोन आठवडे एकही गोचीड दिसला नाही.

दिसला तो नेमका एकादशीला. संध्याकाळी, डाव्या कानात, टम्म फुगलेला एक. सासूबाईंनी तो ओढून काढला आणि चिमटीत धरून तशाच बसल्या. मी म्हटलं, द्या आई, मला कुठे उपास आहे, मी टाकते डिझेलात.

"नको. माझं पाप तुझ्या पदरात कशाला?"

त्या उठल्या. चिमटीतला गोचीड तसाच धरून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, पुन्हा सोडायची जागा शोधतायत की काय. मागोमाग गेले तर त्यांनी डाव्या हातानं पातेल्यावरचं झाकण काढलं होतं. आमच्यासाठी केलेला दुपारचा भात होता. त्यातला घास त्यांनी उभ्या उभ्या तोंडात घातला. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांची एकही एकादशी चुकलेली नव्हती. घास गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

"मोडला उपास," त्या म्हणाल्या. "आता आन ती करवंटी."

मी आणली. त्यांनी गोचीड डिझेलात टाकला, तो बुडेपर्यंत बघत राहिल्या. मग हात साबणानं दोनदा धुतले आणि उरलेला भात घेऊन गाईकडे गेल्या.