मावशीची जीभ

साऱ्या गावची ती घाण्याची मावशी. लाकडी उखळ, त्यात फिरणारा जाड लाकडी दांडा म्हणजे लाट, ती ओढणारा बैल आणि त्याच्यामागून त्याला शिव्या घालत चालणारी मावशी, असा तिचा तीस वर्षांचा संसार. नवं तेल गळू लागलं की ती बोट बुडवून जिभेवर घ्यायची. चाखल्याशिवाय कुणाच्या किटलीत धार सोडायची नाही. दाणा खवट आहे, जुना आहे, की त्यात दुसरंच काही मिसळलंय, ते डोळे मिटून सांगायची. मावशीची जीभ तेलाला खरी आणि माणसांना तिखट, असं लोक म्हणत आणि निमूट तेल घेऊन जात.

मग एक जीप आली. कंपनीची माणसं एका झुडपाचं रोप दाखवत म्हणाली, याच्या बियांपासून गाड्यांचं इंधन होतं. पाणी नको, निगा नको, गुरंही तोंड लावत नाहीत. गुरं तोंड का लावत नाहीत, हे एवढ्या शहाण्या गावात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लोकांनी तीळ-भुईमूग मोडून झुडपं लावली. गायरानसुद्धा सोडलं नाही. चरायला जागा उरली नाही तशी गुरं विकली गेली, आणि पाणी नको म्हणणाऱ्या त्याच झुडपांनी विहिरींचा तळ दाखवला. चौथ्या वर्षी कंपनी सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसून निघून गेली. घराघरात बियांची पोती तेवढी पडून राहिली.

बाहेरगावचे तीळही यायचे थांबले, तेव्हापासून मावशीचा घाणा पाच महिने उभाच होता. लाकडी घाण्याला तेल मिळालं नाही की लाकूड सुकून तडकतं. एका सकाळी उखळाला केसाएवढी चीर दिसली.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, याच बिया घाल. दिव्याला, इंजिनाला तेल होईल. घाणाही वाचेल."

"आणि उद्या कुणी खायचं तेल काढायला आलं तर? लाकूड तेल पितं, बाबा. मुरलेलं पुढच्या तेलात उतरतं."

"कोण येणार आहे? तीळ राहिलेत कुणाकडे?"

मावशीनं न विकलेला आपला बैल घाण्याला जुंपला. तिनं बिया घातल्या. तेल गळू लागलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं बोट जिभेवर गेलं, बोटभर तेल गिळूनही झालं. घसा पेटला. दोन दिवस उलट्या नि जुलाब. उठल्यावर तिनं सगळं हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून तिला मीठ आणि साखर सारखीच लागत होती, हे मात्र कुणाला कळू दिलं नाही. ज्या जिभेनं मान मिळवून दिला ती गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि आली ती नेमकी तिची भाची. बांधावर राखलेले तीळ घेऊन.

"मावशी, लेकीला घरचं तेल खाऊ घालीन म्हणते."

मावशीनं उखळ गरम पाण्यानं धुतलं, राखेनं घासलं, दोनदा भुसा फिरवून काढला. मग तीळ घातले. तेल जिभेवर घेऊन डोळे मिटले. काहीच कळलं नाही. भाची तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"चोख आहे," मावशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ते घर दवाखान्यात होतं. भाची आणि जावई सावरले. चार वर्षांची लेक गेली.

गावानं कंपनीला शिव्या घातल्या, भावाला घातल्या. मावशीला कुणी बोल लावला नाही. लाकडानं दगा दिला, ती बिचारी काय करणार, असंच सगळे म्हणत होते. ती गप्प राहिली असती तर जन्मभर निभावलं असतं.

पंधरा दिवसांनी भाची उरलेल्या तेलाची किटली घेऊन दारात आली.

"मावशी, तू चाखलं होतंस ना?"

"चाखलं होतं." मावशीनं मान खाली घातली. "पण मला चवच कळत नाही गं. त्या बियांचं तेल तोंडात गेलं तेव्हापासून."

भाचीनं किटली उंबऱ्यावर ठेवली.

"मला वास आला होता," ती म्हणाली. "म्हटलं, मावशीनं चाखलंय."