लिनच्या चहाचं पाणी

"तुझं पाणी खराब आहे," थर्मास माझ्या टेबलावर ठेवत लिन म्हणाला.

सौदीतल्या तबूक शहराबाहेर आमचा कामगारांचा कॅम्प आहे. तिथला आरओ प्लांट मी चालवतो. बोअरचं खारं पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अगदी बारीक पडद्यातून, दाबाने काढायचं. क्षार मागे राहतात. मी चिपळूणचा. लिन क्रेनचा फोरमन, चीनच्या फुजियान प्रांतातला. आमचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून जमतं.

मॅनेजर नासिर तिथेच होते. "टेस्ट पास आहे ना? मग खलास," ते म्हणाले. "ही तक्रार क्लायंटकडे गेली तर टँकर लावतील. तुझा प्लांट बंद."

लिनने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. कप भरून माझ्यापुढे केला. "पिऊन बघ."

काळपट, सपक, वर क्लोरिनचा वास.

"हा तिएग्वानयिन आहे," तो म्हणाला. ऊलाँग चहाचा जुना प्रकार. ना हिरवा, ना काळा, मधला. पानं गोळ्यांसारखी वळलेली असतात, गरम पाण्यात सावकाश उघडतात. हा त्याच्या वडिलांनी स्वतः भाजलेला. आता त्यांचे हात थरथरतात. बाग दुसऱ्याला दिली. "हे शेवटचं पाकीट. थोडा थोडा काढतो, आणि वाया जातो."

आरओचं पाणी इतकं कोरं असतं की पाइप खातं. म्हणून आम्ही त्यात चुनखडीचे क्षार परत मिसळतो, वर क्लोरिन. आपल्या दुधाच्या चहात हे सगळं खपून जातं. लिनच्या चहात लपायला जागाच नव्हती.

क्षार आणि क्लोरिन घालायच्या आधीच्या नळावरून मी पाणी घेतलं आणि उकळलं. चहा स्वच्छ आला, पण पोकळ. मग त्यात थोडं कॅम्पचं पाणी घालून पाहिलं, क्लोरिन उडावं म्हणून उघडं ठेवलेलं. सुट्टीच्या दिवशी हाच उद्योग. लिन चिमटीभरच पानं टाकायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

एका शुक्रवारी दुपारी कपातून फुलांचा वास आला. लिनने व्हिडिओ कॉल लावला आणि कप वडिलांसमोर धरला. म्हाताऱ्याने बराच वेळ रंग निरखला.

"काय म्हणतात?"

"पाणी चांगलं आहे म्हणतात. कुठल्या झऱ्याचं, विचारतात."

"मग?"

"मित्राच्या, म्हटलं." फोनमधून पुन्हा आवाज आला. "आता विचारतात, घरी कधी येतोस."

त्याची रजा नुकतीच पुढे ढकलली होती. त्याने कप उभ्यानेच संपवला.

संध्याकाळी मी बायकोला फोन केला. "आपल्या विहिरीचं पाणी कसं लागतं गं?"

"पाण्यासारखं," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "का हो, बरं नाही का?"

लिनचं पाकीट संपलं. तक्रार कुठेच गेली नाही, प्लांट चालू आहे. दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये चवीपुढे मी 'स्वीकार्य' लिहितो. कोणाला, असं कोणी विचारत नाही.