न विकायची गोणी

माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी ते तापलं नाही, बधिर झालं. सुनेनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "मम्मी, एआय म्हणतंय, यंदा निम्मीच मिरची घ्या. जानेवारीनंतर तुमच्याकडे गिऱ्हाईकच नसतं."

नंदुरबारजवळ आमची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मैदान. गेल्या साली अवकाळीनं बराच माल कुजला, तेव्हापासून मी धास्तावले होते. सून पुण्यात असलीच कामं करते. दसऱ्याला आली तेव्हा मीच तिला म्हटलं, बघ बाई, तुझं यंत्र काय सांगतं ते. तिनं माझ्या दहा वर्षांच्या वह्यांचे फोटो काढून त्याला दिले.

निम्मी मिरची म्हणजे बायाही निम्म्या. आमची मुकादमीण डोंगरातली, दरवर्षी बायांची टोळी घेऊन येते. घरी भिली बोलते, आमच्याशी अहिराणी. तिची पोरगी इथल्याच शाळेत दहावीला. मी तिला खरं काय ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मंग आम्ही गुजरातले ऊसतोडीले जातस. पोरगीले बी संगे लई जास."  शाळेचं काय, हे विचारायचीही माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वखार सारवायला आली. काम नसलं तरी दसऱ्याचं सारवण तिचंच. कोपऱ्यातल्या गोणीला तिनं हळदकुंकू लावलं. सुनेनं विचारलं, "ही एकच का उरली? विकली नाही?"

मुकादमीण हसली. "ओ माय! ती इकानी नही शे. लक्ष्मीनी शे."

सासूबाईंची शिस्त ती. वखार रिकामी ठेवायची नाही. माल संपत आला की शेवटची गोणी बाजूला काढायची आणि नव्या हंगामात बायांना वाटायची.

"आणि वहीत रोज 'शिल्लक एक गोणी' लिहिता, ती हीच?"

"मग काय शून्य लिहू? शुभ बोल गं!"

"मम्मी, जानेवारीनंतर गिऱ्हाईक येतच नाही?"

"येत नाही? अगं, अक्षय्य तृतीयेपर्यंत लोक दारातून परत जातात! माल कुठे असतो द्यायला?"

सुनेनं कपाळाला हात लावला. यंत्राला वाटलं होतं, जानेवारीनंतर माल पडून आहे आणि कुणी विचारत नाही, म्हणून त्यानं निम्मीच मिरची सांगितली. परत गेलेली माणसं मी वहीत कधी लिहिलीच नव्हती. तिथंच सारवल्या जमिनीवर बसून मी आठवून आठवून सांगितली: धुळ्याचा मसालेवाला, नवापूरच्या खानावळी, लग्नघरं. मुकादमीण मध्येच माझी चूक काढत होती. सुनेनं सगळं भरलं आणि पुन्हा अंदाज काढला. गेल्या सालाएवढीच मिरची लागेल, उलट थोडी जास्तच.

"अंदाजच आहे हं," ती म्हणाली. असू दे की! पावसाचा तरी कुठे भरवसा असतो? 

मी मुकादमिणीला म्हटलं, "सगळ्या बायांना घेऊन ये."

तिनं शेणाचा हात तसाच धरून विचारलं, "मंग पोरगीनी शाळा चालू ऱ्हाई ना?"

"ऱ्हाई," मी म्हटलं, आणि तिच्याआधी मलाच रडू फुटलं.