फायनलच्या आधीची पंगत

चूक अण्णांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात हा किस्सा निघाला की शेवटी सगळे माझ्याकडंच बघतात. अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. अहमदपुरात आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरवायचं खूळ त्यांच्या डोक्यातून निघालं, आणि पुरणपोळीही त्यांच्याच डोक्यातून निघाली. मी नुसता गोलकीपर होतो.

आता तुम्ही म्हणाल, अहमदपुरात कुठलं आलंय आंतरराष्ट्रीय? ते काही अवघड नसतं. अण्णांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं. एका इच्छुकानं कबड्डी भरवली होती, दुसऱ्यानं कुस्त्या. फुटबॉल तेवढा कुणी उष्टावलेला नव्हता. हैद्राबादला आफ्रिकेतली पोरं शिकायला असतात, त्यांची टीम मी फोनवरून ठरवली. लातुरात चायनीजच्या गाड्यांवर नेपाळी पोरं असतात, ती दुसरी टीम. तिसरे आम्ही, म्हणजे भारत.

"तीन देश झाले की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आफ्रिका देश न्हाई."

"मग काय हाय?"

"खंड हाय."

"मग तर अजून मोठं झालं," म्हणाले, आणि बॅनरवाल्याला फोन लावला.

बॅनरवर अण्णा एवढे मोठे, आणि फुटबॉल त्यांच्या कोपराजवळ लिंबाएवढा.

नेपाळ आलंच नाही. रविवार होता, गाड्यांवर गिऱ्हाईक तुटून पडलेलं, मालकांनी सोडलं नाही. म्हणून स्पर्धा थेट फायनलपासून सुरू करायची ठरली. याचं कुणालाच काही वाटलं नाही. अण्णा तर खूश झाले, भाषणाला वेळ उरला म्हणून.

मला मात्र या सामन्याचं लई वाटत होतं. का, ते सांगतो. मी लातूरला डॉक्टर व्हायच्या क्लासला होतो. होतो म्हणजे, फी भरली होती. एका खोलीत सहा पोरं, भिंतीवर बेडकाची आतडी, आणि रोज परीक्षा. दिलं सोडून, आलो परत. तेव्हापासून घरातल्या थोरामोठ्यांना माझ्यासारखा विषय सापडला नाही. स्वतः दहावीला तीनदा बसलेला माणूस मला करिअर शिकवतो, तेव्हा काय वाटतं, सांगा. अण्णा पाहुण्यांसमोर म्हणायचे, "डॉक्टर व्हायला पाठविला हुता, दारात उभारायचं शिकून आला." दारात म्हणजे गोलात.

तर हैद्राबादच्या एका क्लबला गोलकीपर हवा होता. राहणं, खाणं, खेळणं, सगळं क्लबचं. तिथले कोच मूर्ती सर. त्यांना मी माझे इतके व्हिडिओ पाठवले, इतके पाठवले, की शेवटी त्यांनी कंटाळून फोन केला. "मेरी ससुराल देगलूर में है. वहाँ आना ही है. तेरा मॅच देखके जाता." एवढंच. मला तेवढं बास होतं. एक सामना, समोर आफ्रिकेचे तगडे फॉरवर्ड, धडाधड शॉट, आणि मी उडून उडून अडवतोय. मग अण्णा, काका, मामा आणि बेडूक, सगळ्यांना रामराम.

सामना दुपारी होता. सकाळी पाहुण्यांची गाडी आली, आणि बघतो तर शाळेच्या मैदानाशेजारी मांडव, मांडवात पट्ट्या अंथरलेल्या, आणि मागं कढईत पुरण.

"अण्णा, मॅचच्या आधी जेवण नसतं. केळी देतात. फार तर बिस्किट."

"आफ्रिकेतून आलेल्या माणसाला केळं देऊ? लोक तोंडात शेण घालतील."

"हैद्राबादहून आलेत ते."

"तरी. उपाशी पोटी खेळविलं म्हणून गावभर होईल. तू गप वाढायला लाग."

हो, वाढायला. कारण आम्ही यजमान. यजमानानं पाहुण्यांच्या आधी जेवायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. भारताची अख्खी टीम, टी-शर्ट घालून, हातात पोळ्यांच्या परड्या आणि तुपाचे तांबे घेऊन पंगतीत फिरत होती. पोटात सकाळचा चहा.

आणि मग जे सुरू झालं, ते मला बराच वेळ कळलंच नाही.

पाहुण्यांचा कप्तान इब्राहिम. उंच, शांत, हैद्राबादी बोलणारा. त्यानं पहिली पोळी खाल्ली, ताट लख्ख केलं. ताट रिकामं दिसलं की आमचा माणूस काय करतो? वाढतो. त्यानं दुसरी खाल्ली, ताट लख्ख. तिसरी पडली. शेजारी त्यांचा गोलकीपर जोसेफ, हा दारात उभा राहिला तर दार दिसणार नाही असला, त्याचंही तेच. सगळी ओळ तशीच. मान खाली घालून खातायत, घाम पुसतायत, खातायत. मला वाटलं, बिचाऱ्यांना हॉस्टेलला काही मिळत नसावं.

अण्णा ओळीत फिरत होते. "लाजायलेत पोरं. वाढ रे, हातानं वाढ, विचारू नको."

"नक्को, अण्णा, नक्को," इब्राहिम म्हणाला.

आता बघा. नको म्हणालाच ना? पण आमच्याकडं 'नको' हा नकार धरत नाहीत. ती सुरुवात असते. दुसऱ्यांदा नको म्हणजे पाहुणा चांगल्या घरचा आहे. तिसऱ्यांदा नको म्हणजे अर्धीच वाढ. खरं नको ते कसं, तर ताटावर आडवं पडून दोन्ही हातांनी ताट झाकायचं, तोंडानं गयावया करायची, आणि तरी बोटांच्या फटीतून तूप पडलं तर नशीब समजायचं. हे आम्ही आईच्या पोटात शिकून येतो. इब्राहिम कुठं शिकणार?

त्यानं मला खुणेनं बोलावलं. हळूच म्हणाला, "भाई, हमारे घर में प्लेट में खाना छोड़ना बहुत बुरा समझते. बड़ों ने दिया तो पूरा खाना पड़ता. मैं पूरा खाता तो ये और देते. ये रुकता कैसे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते ताट रिकामं करत होते रीत म्हणून, आणि आमचे लोक ताट भरत होते रीत म्हणून. दोन्हीकडून नुसते संस्कार चालले होते आणि मधल्या मध्ये पोरं मरत होती.

एका वाक्याचं काम होतं. 'हात आडवा धर' एवढं सांगायचं. पलीकडं मूर्ती सर बसले होते, देगलूरचे जावई. त्यांनी एक पोळी खाऊन ताटावर असं काही अंग टाकलं होतं की वाढपी लांबूनच वळून जात होते. त्यांच्याकडं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

पण मी इब्राहिमच्या मांड्यांकडं बघितलं. असल्या पायाचा शॉट आला तर हातासकट गोलात जाईन, असं वाटलं. आणि हा जरा जड झाला तर? शॉट जरा हळू आला तर? सरांच्या समोर एकही गोल न खाता उभा राहिलो तर?

"खतम करो भाई," मी म्हणालो. "बुजुर्ग लोग खुश होंगे."

आणि त्याला गुळवणी वाढली.

दुपारी सामना सुरू झाला. म्हणजे शिट्टी झाली. पाहुणे मैदानात आले ते दिवस भरलेल्या बाईसारखे पाय टाकत, कमरेवर हात ठेवून. इब्राहिमनं मधल्या वर्तुळात उभं राहून आकाशाकडं बघितलं आणि ढेकर दिली. ती मला माझ्या गोलात ऐकू आली.

आणि आमची पोरं? उपाशी. पंगतीची दुसरी पाळी आमचीच होती, सामना संपल्यावर. पोळ्या झाकून ठेवलेल्या दिसत होत्या. सामना लवकर उरकायचा असल्यासारखी ती वाघासारखी सुटली. अण्णांचा बबलू तर, जो घरात पाण्याचा ग्लास उचलत नाही, वाऱ्यासारखा पळत होता. बॉल गेला पलीकडच्या गोलाकडं आणि तिथंच राहायला लागला.

सुरुवातीला मला बरं वाटलं. मग वाट बघितली. मग गोलाला बांधलेली शेडनेटची जाळी नीट केली. मग परत वाट बघितली. पहिला हाफ संपत आला तरी बॉल माझ्याकडं आलेला नव्हता. मला कळेना हे काय चाललंय. मी गोलकीपर म्हणून दिसणार कसा, बॉल आल्याशिवाय?

माझ्या गोलामागं कडुलिंबाची सावली होती, म्हणून गावातली सगळी वडीलधारी मंडळी खुर्च्या घेऊन तिथंच बसली होती.

"ह्याच्याकडं बॉल का येईना हो?" एक म्हातारा.

"भांडण असंल पोरांचं," दुसरा.

"तसं न्हाई. ह्यो राखीव हाय. कुणी मेलं तर ह्याला घेत्यात."

मी मागं न बघता म्हणालो, "आजोबा, कळत नसंल तर गप बसावं."

"बघा, क्लास सोडला तरी तोंड हाय तसंच."

मूर्ती सर कुठं आहेत म्हणून बघितलं, तर त्यांनी खुर्ची उचलून पलीकडच्या गोलाजवळ नेली होती. बरोबरच आहे, बॉल तिकडं होता. माणूस खेळ बघायला आलाय, मला एकट्याला बघून काय करील? मी इकडं एकटाच उड्या मारून, गुडघे वर घेऊन दाखवत होतो. सरांची पाठ माझ्याकडं.

"बबलू," मी ओरडलो, "मागं दे बॉल. माझ्याकडं दे."

"येडा हायस का? गोल तिकडं हाय."

"दे म्हणतो ना, एकदा दे."

"जेवायचं न्हाई का तुला?"

आणि तिकडं जोसेफ. त्याला वाकता येत नव्हतं. उडी तर विचारूच नका, मारली असती तर सकाळपासूनचं सगळं मैदानावर आलं असतं. म्हणून तो हलायचाच नाही. बबलू बॉल घेऊन आला की आधीच ओळखायचा कुठून येणार, एक पाऊल सरकायचा, आणि थांबायचा. बॉल येऊन पोटावर आदळायचा. छातीवर आदळायचा. पुन्हा पोटावर. अडवतोय आणि कण्हतोय, अडवतोय आणि कण्हतोय. आमच्या पोरांनी शॉट मारून मारून जीव सोडला, एक गोल झाला नाही. मूर्ती सर आता खुर्चीच्या टोकावर आले होते.

हाफटाइमला बाजू बदलल्याच नाहीत, पाहुण्यांना तेवढं चालवेना. दुसऱ्या हाफच्या शेवटी आमची पोरं संपली. उपाशी पोटी किती पळणार? गुडघ्यावर हात ठेवून सगळी पलीकडच्या गोलासमोर वाकलेली. जोसेफनं बॉल पायानं ढकलला. तो घरंगळत मधल्या वर्तुळात इब्राहिमजवळ आला. इब्राहिमच्या आणि माझ्या मध्ये कुणीच नव्हतं.

इब्राहिम निघाला. पळत नाही, चालत. एक हात पोटावर, बॉल पायापुढं, लग्नाहून परतणाऱ्या माणसासारखा. कुणी त्याच्या मागं गेलं नाही, कुणात तेवढं राहिलंच नव्हतं. मागची म्हातारी मंडळी खुर्च्या पुढं ओढायला लागली. आणि मूर्ती सर उठले, वळले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागले.

हीच ती वेळ. सगळे व्हिडिओ यासाठीच पाठवले होते.

इब्राहिम जवळ आला, थांबला, अंगठ्यानं बॉल हलकेच ढोसला, आणि तिथंच खाली बसला.

बॉल निघाला. इतका हळू, की त्यावरचे डाग मोजता आले असते. वाकून उचलायचा होता नुसता. आमच्या आजीनं पदरात घेतला असता. पण वाकून उचलला तर सरांना काय दिसणार? मी उजवीकडं झेप घेतली. दोन्ही हात लांब, पाय मागं, अंग पार आडवं. आयुष्यात तशी झेप परत जमली नाही. हवेत असताना मी खाली बघितलं. बॉल माझ्या खालून, आपल्या सावकाश चालीनं, चालला होता.

तो रेषेच्या आत गेला आणि जाळीला न लागताच थांबला.

शिट्टी झाली. पाहुणे जिंकले. त्यांच्यातल्या कुणालाही आनंद करायला उठता आलं नाही.

मी मातीत तोंड घालून पडलो होतो. कुणीतरी दंडाला धरून उठवलं. अण्णा होते. डोळ्यांत पाणी.

"शाब्बास रे वाघा. पाहुण्याचा मान राखलास. इतक्या लांबून आलेल्या माणसाला हरवून पाठवायचं नसतं, हे तुला कुणी सांगितलं न्हाई, तरी कळलं. मी उगी तुला बोलत हुतो."

जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही माइकवर, गावासमोर, बरीच वाक्यं. गळ्यात हार पडला. मी म्हणतोय, "अण्णा, मुद्दाम न्हाई सोडला, चुकला." ते माइकवर सांगतायत, "बघा, विनम्र बी हाय."

त्या हारासकट मी मैदानभर सरांना शोधलं. ते गाडीजवळ होते. जोसेफ गाडीच्या पायरीवर पाय पसरून बसला होता आणि सर त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याच्याशी बोलत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"सर, मी. व्हिडिओवाला."

सरांनी वर बघितलं. आधी हाराकडं, मग माझ्याकडं.

"जंप अच्छा है तेरा," ते म्हणाले. "पर ये लड़का देख. पूरा मॅच एक कदम से ज़्यादा नहीं हिला. जगह की समझ ऐसी होनी चाहिए."

"सर, त्याला हलता येत नव्हतं. त्यानं पोळ्या..."

"बहाना नहीं करने का," सर म्हणाले.

जोसेफनं माझ्याकडं बघून पोटावर हात ठेवला आणि कसंबसं हसला. हैद्राबादचा कोच हैद्राबादचाच गोलकीपर शोधायला एवढ्या लांब अहमदपूरला आला, आणि आम्ही तो त्याला जेवू घालून तयार करून दिला.

क्लबात गोलकीपरची एकच जागा होती. ती जोसेफला मिळाली.