जावेची सभा, माझी पडवी

मंजुळा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धूसर. सून फोन ठेवून म्हणाली, "आई, काकी गेल्या." मला रडूच येईना. औषधाचं पाणी तेवढं गालावरून वाहत होतं, आणि बाकावरच्या बायका "रडू नका हो" म्हणत माझा हात धरत होत्या. गावी पोचले तर तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओढ्यापलीकडच्या वाडीतली माणसं हातातली कामं टाकून आलेली. आता दीड महिना झाला, लपवून काय करू... ती गर्दी बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळी एवढी येतील का?

मंजुळा माझी धाकटी जाऊ. खर्डीकडची, चौथी शिकलेली. मी सातवी पास. घरात आलेलं पत्र मीच वाचायचे, आणि आवाज मुद्दाम शेजारच्या घरात जाईल असा काढायचे. असली मी शहाणी! म्हणून तर सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा घरच्यांनी मला उभं केलं. निवडून आले, नवी साडी नेसून शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर आमचे हे. बोलायचे हे, मान हलवायची मी. नंदीबैलाला निदान आधी प्रश्न तरी विचारतात.

पहिल्याच ग्रामसभेत हापसा कुठे बसवायचा हा विषय निघाला. ह्यांनी आमच्या अंगणासमोरची जागा सांगून टाकली. वाडीतल्या बायका तेव्हा ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. मागून मंजुळा उठली.

"जाऊबाय, सरपंच तुमी ना? मग तुमी सांगा. भावोजी नको."

सभा हसली. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. विषय पुढच्या सभेवर गेला. घरी मात्र तिला धरलंच. "घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतेस गो?"

"हापसा काय घरातला हाय, बाय?" एवढंच बोलून ती भाकऱ्या थापायला बसली. भाकरीसुद्धा मेलीची टम्म फुगायची.

त्या दिवसापासून खुर्ची माझी आणि गाऱ्हाणी तिच्याकडे, असं सुरू झालं. बायका माझ्या दारावरून तिच्या दारात जायच्या. मी तांदूळ निवडायचं निमित्त करून बसायचे आणि मोजायचं नाही म्हणता म्हणता मोजायचे.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. मंजुळा घरोघर सांगत फिरली. मी काय केलं? त्याच दिवशी, त्याच वेळेला माझ्या पडवीत हळदीकुंकू ठेवलं. वाणाला धसईच्या बाजारातून झाकणाचे स्टीलचे डबे आणले. म्हटलं, बस आता रिकाम्या शाळेत भिंतींपुढे बोलत. गावातल्या झाडून सगळ्या आल्या. वाडीतल्यांना सांगायचं मी विसरले... विसरले कसली, टाळलं.

थोड्या वेळाने मंजुळा आली. वाडीतल्या बायकांना घेऊन, आणि मागे काखेत रजिस्टर धरलेले ग्रामसेवक. माझ्याकडून ऐटीत कुंकू लावून घेतलं, पडवीभर नजर फिरवली. "सगळ्या आयत्याच जमल्यात की. हितंच सभा घेऊ. सरपंचबाय पन घरातच हायत!"

हळदीकुंकवाला आलेल्या बाईला घालवणार कसं? ग्रामसेवक बिचारे दारातच घुटमळत होते. मंजुळाने रजिस्टर घेऊन माझ्या मांडीवर ठेवलं. "लिवा. जाऊबायसारखं अक्षर नाय कोनाचं." झालं! स्तुती ऐकली आणि मी पाघळले. हापसा वाडीच्या वाटेवर बसवावा, हा ठराव मी नवऱ्याच्या विरुद्ध, माझ्याच पडवीत, माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. वाणाचे डबे वाडीतल्या बायकांना पुरले नाहीत, तेव्हा मंजुळाने स्वतःचा काढून दिला. तेही सगळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ह्यांनी पुन्हा अंगणाचं काढलं. मंजुळा म्हणाली, "काल बायकांनी काय ठरवलं ते जाऊबाय वाचतील." उभी राहिले आणि वाचलं. हात वर झाले, हापसा वाडीच्या वाटेवर गेला. आणि गाव काय म्हणालं? मंजुळाने हापसा आणला. लिहिलं मी, वाचलं मी, ह्यांचा आठवडाभर अबोला सोसला मी!

पुढे सरपंचपद गेलं, हेही गेले. मी मात्र एकही सभा चुकवली नाही. दर वेळी तिच्याच शेजारी बसायचे. जळायला का होईना, जवळ बसावं लागतं.

परवा तिच्याशिवायची पहिली सभा झाली. अंगणवाडी रस्त्याकडेच्या नव्या खोलीत हलवायची, असं जवळपास ठरतच आलं होतं. शेवटी एकीने मला विचारलं, "मंजुळाकाकी असती तर काय बोलली असती ओ?"

मंजुळा या विषयावर माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. मी उठले. "मला बोलली होती ती. त्या रस्त्याला खडीचे ट्रक भरधाव जातात, पोरं दारातून थेट चाकाखाली येतील. जुन्याच जागेचं छप्पर नीट करा, बोलली." शब्द न् शब्द माझा. हात भराभर वर गेले.

नवी ग्रामसेविका लिहायला बसली. "सूचक कोण?"

"मंजुळाकाकीच!" बायका ओरडल्या.

"गेलेल्या माणसाचं नाव नाही घालता येत. आजी, तुमचं घालते, चालेल?"

म्हटलं, चालेल.

तर दफ्तरात सूचक म्हणून माझं नाव आहे, आणि गाव समजतं ती नुसती सोय. परतताना एक जण म्हणाली, "काकी गेली, पन केवढं पुढचं बघून गेली गो!"

"हो ना," मी म्हटलं, आणि अख्खी वाट तिच्यावर जळत घरी आले. पुढच्या सभेत ती काय बोलली असती, ते ठरवायला घेतलंय.